सगळ्यांची बुरशी

संस्थेत तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे बुरशीबाई. तिला ते माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता. जिने उमेदीची सगळी वर्षं ओल्या मातीतून बुरश्या वेचून त्या काचेच्या बशीत वाढवण्यात घालवली, तिला लोकांनी गुलाबबाई म्हणावं अशी अपेक्षा तरी का करावी?

संस्था सरकारी होती. पंखे कुरकुरत, खुर्च्या डुगडुगत, आणि एक साधं काचेचं भांडं मागवायचं तर इतक्या सह्या लागत की भांडं येईपर्यंत प्रयोग शिळा व्हायचा. पण काम खरं चाले, आणि बुरशीबाईचं तर अगदी खरं. तिच्या वडिलांना स्नायू ताठत जाण्याचा आजार होता. आधी बोटं, मग मनगट, मग खांदे आणि शेवटी छाती. माणूस जागच्या जागी वाळल्या लाकडासारखा होतो आणि डोळे तेवढे फिरत राहतात. हा आजार फार थोड्यांना होतो, त्यामुळे त्यावर औषध शोधायची जगात कुणालाच घाई नव्हती. बुरशीबाईला होती. वडील गेले तेव्हा ती शिकत होती. ताठलेला स्नायू सैल करणारा अर्क एका बुरशीतून निघाला, तोवर तिचे केस पिकले होते आणि धाकट्या भावाची उजवी करंगळी वाकेनाशी झाली होती.

भाऊ पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अर्ध्या बाजाराची नावं त्याच्या हातची. माणूस एक नंबरचा वल्ली. करंगळी ताठली तेव्हा म्हणाला, "बरं झालं ताई, ब्रश धरताना हीच मधेमधे करायची." बुरशीबाई हसली नाही. वडीलही सुरुवातीला असेच विनोद करायचे.

पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्याच्याच हातच्या एका बोर्डात होतं. वर्षातून एक दिवस संस्थेचं फाटक लोकांसाठी उघडत. लोकांच्या पैशावर चालता, तर काय करता ते लोकांना दाखवा, असा वरून हुकूम होता. बाकीचे शास्त्रज्ञ परदेशातल्या परिषदेत मिरवून आणलेले जुने तक्ते भिंतीला डकवून मोकळे होत. वाचणाऱ्याला काही कळलं नाही की त्यांना आपण फार मोठे आहोत असं वाटे. बुरशीबाईने भावाकडून दाराएवढा बोर्ड रंगवून घेतला, घरात बोलतो त्या भाषेत. बुरशी कुठल्या मातीत सापडते, तिला खायला काय घालायचं, किती ऊब द्यायची, तिचा रस कसा गाळायचा, त्यातून औषध कसं वेगळं काढायचं, सगळं ओळीने. कोपऱ्यात औषधाच्या रेणूची आकृती, लाल आणि निळ्या रंगात. रस्त्यापलीकडून वाचता यावीत अशी अक्षरं. लोक खरंच उभं राहून वाचत होते. बोर्ड इतका छान झाला होता की दिवस संपल्यावरही तो फाटकाशी तसाच टेकवून ठेवला गेला.

पेटंटचा अर्ज गेला तो त्यानंतर. संचालकांचं एक लाडकं वाक्य होतं, "आधी अर्ज, मग गर्जना." म्हणजे शोध लागला की आधी पेटंटचा अर्ज करायचा आणि मगच तोंड उघडायचं, कारण एकदा जगाला सांगून टाकलं की शोध नवा राहत नाही, आणि नवा नसेल तर पेटंट नाही. हे वाक्य ते बैठकीत इतक्यांदा म्हणत की शिपायालाही पाठ झालं होतं. पण रोज त्या बोर्डाशेजारून मोटार आत आणताना त्यांना स्वतःला ते एकदाही आठवलं नाही. दुसऱ्या कुणालाही नाही, बुरशीबाईलाही नाही. जगाला सांगणं म्हणजे जाड मासिकात, परक्या भाषेत, खाली तळटिपा लावून सांगणं. आपल्या भाषेत, ऑइलपेंटने, किराणा दुकानदाराला सांगितलेलं ह्या लोकांच्या हिशेबी सांगणंच नव्हतं. पेटंट तपासणाऱ्यांनी जगभरची मासिकं धुंडाळली. संस्थेच्या फाटकाशी कोण बघायला येतंय?

पेटंट मिळालं. संस्थेने ते एकाच कंपनीला दिलं, म्हणजे औषध बनवायचा हक्क तिचा एकटीचा. कंपनीने रुग्णांवर चाचण्या केल्या. त्यात भाऊही होता, आणि चाचणी चालू होती तोवर त्याचा हात पुन्हा माणसाचा झाला. त्याने त्या काळात पाट्यांचा सपाटा लावला. मग चाचणी संपली, औषधाला परवाना मिळाला आणि किंमत जाहीर झाली. भावाने आपलं घर रंगाच्या डब्यांसकट विकलं असतं तरी त्यात औषधाच्या काही महिन्यांच्याच सुया आल्या असत्या.

बुरशीबाई संचालकांकडे गेली.

"सर, हे औषध लोकांच्या पैशातून निघालंय."

"निघालंय ना. पण बाटलीत नाही भरलेलं लोकांच्या पैशातून. टाक्या कोणी उभारल्या? चाचण्या कोणी केल्या? कंपनीने पैसा ओतलाय बाई, ती वसूल करणारच."

"करारात किमतीला काही मर्यादा घालता आली असती."

"घातली असती तर कंपनी फिरकली नसती. मग बसला असतात बशीतली बुरशी बघत." संचालक वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, आणि थकलेल्या माणसाला जे चाललंय तेच बरोबर वाटतं. "गरिबांसाठी त्यांची फुकट औषधाची योजना आहे की. भावाचा अर्ज टाका."

अर्ज टाकला होता. योजनेच्या नियमात शोध लावणाऱ्याचे नातेवाईक बसत नव्हते. उगाच कुणी वशिलेबाजी म्हणायला नको, म्हणून. औषध दुसऱ्या कुणी शोधलं असतं तर बुरशीबाईच्या भावाला ते मिळालं असतं.

बोर्डाची आठवण भावानेच काढली, तीही थट्टेत. बोटं पुन्हा वाकेनाशी झाली होती, ब्रश दोन्ही हातांत धरून तो कुठल्याशा चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. "एवढा लपवाछपवीचा माल होता, तर मला कशाला रंगवायला लावलास गं? तो तर फाटकाशी टेकवून ठेवला होता!"

बुरशीबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. "कधी रंगवलास तो?" तिने विचारलं. भावाला तारीख आठवेना. तिला आठवली, पेटंटच्या अर्जाच्या आधीची. त्या दुपारी ती ह्या आजाराच्या रुग्णसंघटनेच्या वकीलबाईंच्या दारात उभी होती.

वकीलबाई छोट्याशा खोलीत बसत. एक टेबल, एक कपाट आणि नेहमी चार्जिंगला लावलेला फोन. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पेटंट पडेल. पण बोर्ड कुठाय?"

बोर्ड कधीच मोडीत गेला होता. शोधाशोध सुरू झाली. त्या दिवशी आलेल्यांपैकी कुणाकडे फोटो असेल तर द्या, असं संघटनेने सगळ्यांना कळवलं. फोटो निघाला तो पोस्टात काम करणाऱ्या एका बाईकडे. तिच्या मुलीला तेव्हा नुकताच हाच आजार निघाला होता, म्हणून ती लेकीला घेऊन मुद्दाम आली होती आणि तिला बोर्डाशेजारी उभं करून तिने फोटो काढला होता. मुलीचं तोंड उन्हाने वाकडं झालेलं, पण बोर्डावरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ.

पोस्टातल्या बाईने फोटो लगेच दिला नाही. तिची मुलगी कंपनीच्या फुकट योजनेत होती. तिचं बरं चाललं होतं, कॉलेजला जात होती. "आमचं काही अडलेलं नाही," ती म्हणाली. "उगाच घोडं मधेच पेंड खायला नको."

तिला पटवलं ते भावाने. स्वतः तिच्या घरी गेला. "आज फुकट देतात, उद्या म्हणाले योजना बंद, तर कोणाचे पाय धरणार? अहो, पेटंट गेलं की चार कारखाने काढतील. औषध स्वस्त होईल, सगळ्यांना मिळेल. तुमच्या पोरीलाही, मलाही." आपले ताठलेले हात त्याने तिच्या टेबलावर ठेवले. बाईने ते बघितले आणि आतून फोटो आणून दिला.

भाऊ बोलला ते काही हवेतलं नव्हतं. गोळ्या-औषधांचा एक छोटा कारखानदार संघटनेच्या सभेत छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "पेटंट तेवढं पाडा, बाकी माझ्यावर सोडा." टाळ्या पडल्या होत्या.

सुनावणीच्या आधी कंपनीचा एक माणूस भावाच्या घरी आला. गोड बोलणारा, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. ताईंनी साक्ष दिली नाही तर नातेवाइकांच्या नियमाला एक अपवाद करता येईल, असं तो म्हणाला. जन्मभर औषध, घरपोच.

भावजयीने पदराने तोंड दाबलं. तिला काय हवं होतं ते खोलीत सगळ्यांना दिसत होतं. बुरशीबाईलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोला, तिच्या ओठांवर होकार आला होता.

भाऊच उठला. त्या माणसाला दारापर्यंत सोडून आला आणि म्हणाला, "बाकीचे सगळे लाकडं होणार आणि मी एकटा धडधाकट फिरणार? त्यांच्या डोळ्याला डोळा कसा देऊ मी? ताई, तू साक्ष द्यायचीस. नाही दिलीस तर तुझं तोंड बघणार नाही."

तिला त्याचा इतका अभिमान वाटला की घरी परतताना ती रस्त्यात रडली.

सुनावणी एका बिनखिडकीच्या खोलीत झाली. कंपनीचे वकील फोटोकडे बघून हसले. "हा बोर्ड कोणी बघितला? किराणा दुकानदारांनी, शाळकरी पोरांनी. त्यांना ह्यातलं काय कळलं?"

"बघ्यांना काय कळलं हे कायदा विचारत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "त्या विषयातल्या जाणकाराला काय कळलं असतं, ते विचारतो."

मग निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि बुरशीबाईला थेट विचारलं, "फक्त हा बोर्ड वाचून, दुसरं कुणालाही न विचारता, जाणकार माणूस हे औषध बनवू शकेल?"

सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. नाही म्हटलं तर पेटंट राहिलं. बुरशीबाईला ठाऊक होतं की चंबूत बनवणं वेगळं आणि पिंपाने बनवणं वेगळं. तिची बुरशी मोठ्या टाकीत घातली की रुसून बसायची. तिला मनवायची युक्ती कंपनीने शोधली होती आणि ती कुलपात ठेवली होती. पण हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"हो," ती शपथेवर म्हणाली. "कोणीही बनवू शकेल."

मागच्या बाकावर पोस्टातली बाई बसली होती. तिने मान डोलावली.

पेटंट पडलं. संघटनेच्या लोकांनी बुरशीबाईला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. भावाला नीट टाळ्या वाजवता येत नव्हत्या, तर तो टेबलावर मनगटं आपटत होता. संचालकांनी तिला बोलावून घेतलं, पण ओरडले नाहीत. "गर्जना झाली," ते म्हणाले. "आता अर्ज कशाचा करायचा, तेवढं सांगा." कंपनीकडून संस्थेला मिळणारी रॉयल्टी बंद झाली. बुरशीबाईची प्रयोगशाळा पुढच्या वर्षअखेर बंद करायची ठरली. तिला त्याचं काही वाटलं नाही. औषध सुटलं होतं.

कंपनीने एक छोटंसं पत्रक काढलं. बदललेल्या परिस्थितीत हे उत्पादन परवडत नसल्याने ते थांबवत आहोत. फुकट योजना उत्पादनाबरोबरच गेली. कंपनी ह्या थराला जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. मूठभर रुग्ण, त्यात उद्या चार स्पर्धक. कशाला डोकेदुखी?

मग सगळे छातीवर हात ठेवणाऱ्या कारखानदाराकडे गेले. त्याने चहा मागवला, पंखा वाढवला आणि मग बोलला. "बाई, मी टाक्या उभारीन. तुमची ती रुसकी बुरशी मनवायला दोन-चार वर्षं घालवीन. परवान्यासाठी चपला झिजवीन. आणि माझं सगळं झालं की शेजारचा माझीच नक्कल करून निम्म्या भावात विकेल. त्याला कोण अडवणार? अडवायचा कागद तर तुम्हीच फाडलात."

"मग सभेत का म्हणालात?"

"तेव्हा हिशेब केला नव्हता."

शेजारचा म्हणाला, आधी त्याला करू दे. तिसरा म्हणाला, दोघांचं बघून ठरवू. संस्थेने स्वतः बनवावं असं बुरशीबाईने सुचवलं, तर संस्थेने शोध लावायचा असतो, माल काढायचा नसतो, असा नियम निघाला. वकीलबाईंनी चार ठिकाणी विनंत्या केल्या आणि पाचव्या ठिकाणी चिडून भांडल्या. औषध आता सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, हे काय आज नवं कळायचं होतं? हिवाळा संपेपर्यंत संघटनेतले दोघं गेले. एक तिशीतला होता. बुरशीबाई त्याच्या घरी भेटायला गेली, तर त्याच्या बापाने दार उघडलं, तिला बघितलं आणि लावून घेतलं.

भावाची मनगटं गेली, मग कोपर. भावजय त्याला घास भरवू लागली. एके दिवशी तो जिना चढून आला आणि त्याला नीट श्वास घेता येईना. त्या दिवसापासून त्याने विनोद करणं सोडलं.

दुसऱ्या सकाळी बुरशीबाईने बंद होत आलेल्या प्रयोगशाळेत चंबू मांडले. बनवायचं कसं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अशा औषधाला परवाना नव्हता आणि पकडली गेली असती तर नोकरीच काय, तुरुंगही होता. तिने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. अंगात ताप भरला, उतरला, आणि ती जिवंत आहे हे बघून तिने दुसरी भावाला टोचली. आहेत नाहीत तेवढे चंबू लावले तरी एका माणसापुरतंच औषध निघत होतं. अर्धं-अर्धं करून दोघांना दिलं तर ते कुणालाच पुरत नाही, दोघंही जातात. हा हिशेब तिने करून बघितला होता, आणि उत्तर बदलेल ह्या आशेने पुन्हा पुन्हा करून बघितला होता.

"चाचणीतला उरलेला साठा आहे," तिने भावाला सांगितलं.

"बाकीच्यांना?"

"त्यांचंही बघतायत."

भावाने पुढे विचारलं नाही. ज्यावर विश्वास ठेवणं सोयीचं असतं, ते माणूस फार खोदत नाही. त्याचा श्वास मोकळा झाला, मग कोपर, मग बोटं. भावजय देवाजवळ दिवा लावताना नणंदेचं नाव घेऊ लागली.

एका रविवारी दुपारी तो खाटेवर बसून स्वतःच्या हाताने संत्रं सोलत होता. बुरशीबाईने नुकतीच सुई दिली होती आणि ती हात धुत होती. दार वाजलं. भावजयीने उघडलं तर पोस्टातली बाई. मागे तिची मुलगी, एका पायरीवर थांबून धापा टाकणारी. मुलीचे दोन्ही हात कोपरात दुमडून छातीशी चिकटले होते आणि दप्तर आईच्या खांद्यावर होतं.

बाई आत आली, पण बसली नाही. "कोर्टात तुम्ही शपथेवर सांगितलंत, कोणीही बनवू शकेल. मी होते तिथे." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मग बनवा ना. कारखानदार मरू देत. तुम्ही बनवा. जास्त नकोय मला, एकीपुरतं. माझ्या पोरीच्या फोटोवर जिंकलात तुम्ही."

बुरशीबाईचे हात ओले होते. ते पुसायला तिने बराच वेळ लावला.

"नाही हो होत," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत नाही होत ते. मोठा कारखाना लागतो."

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा."

बाईने तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या खांद्यावरून खाटेकडे. "यांचं कसं आहे?"

भावाची बोटं संत्र्याच्या सालीत होती. त्याने बहिणीकडे बघितलं. इतके दिवस जे समजून घ्यायचं त्याने टाळलं होतं, ते त्याला त्या क्षणी समजलं, आणि समजलं हे तिलाही दिसलं. बोलला असता तर तो आत्ताच बोलला असता. बुरशीबाई वाट बघत राहिली. तो बोलेल याची तिला भीती वाटत होती, आणि त्याने बोलावं असंही वाटत होतं.

भावाने हात चादरीखाली घेतले. हळूहळू, ताठ, आजारात हलायचे तसे.

"तसंच आहे," तो म्हणाला. "खालावतंच आहे."

पोस्टातल्या बाईचा चेहरा मऊ झाला. ती खाटेजवळ गेली, अर्धवट सोललेलं संत्रं तिने उचललं, राहिलेली साल काढली आणि एक फोड त्याच्या तोंडात भरवली. "सोसा भाऊ," ती म्हणाली. "आपल्या हातात दुसरं काय आहे?"

त्याने ती फोड खाल्ली.

मायलेकी निघाल्या. मुलगी एकेक पायरी उतरत होती, ते बराच वेळ ऐकू येत होतं. भावजय स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आली नाही. बुरशीबाईने सुई कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. भाऊ भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता आणि त्याचे हात अजून चादरीखालीच होते.

"पुढची सुई कधी?" त्याने विचारलं.